मॅमोग्राफीत 'बायरॅड्स ०' आलंय, पुढची तपासणी नेमकी कोणती करायची?

अबोली
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. वय ४७. हाताला गाठ लागत नाही, दुखत नाही, घरात कुणाला स्तनांचा कॅन्सर झालेला नाही. रुटीन म्हणून मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) केली, दोन्ही बाजूंचे दोन-दोन असे चार फोटो काढले, आणि दोन दिवसांनी फोन आला की परत या, अजून काही व्ह्यूज घ्यायचेत. काय निघालं विचारलं तर रिपोर्टमध्ये लिहिलंय म्हणाल्या, फोन ठेवला.
रिपोर्टमध्ये असं आहे: डाव्या बाजूला वरच्या भागात 'असिमेट्री' (दुसऱ्या बाजूला नाही असा पांढरट भाग), फक्त तिरक्या व्ह्यूत दिसते. डेन्सिटी सी (ए ते डी अशा चार पायऱ्यांतली तिसरी, म्हणजे एक्स-रेत पांढरं दिसणारं घट्ट टिश्यू बरंच). बायरॅड्स ०. स्पॉट कॉम्प्रेशन आणि गरज वाटल्यास सोनोग्राफी करावी.
शून्य वाचून आधी मला हायसं वाटलं हो, म्हटलं शून्य म्हणजे काहीच नाही. मग नेटवर बघितलं आणि रात्रभर झोप नाही. नणंद म्हणते सरळ एमआरआय कर, एकदाच काय तो सोक्षमोक्ष. मैत्रीण म्हणते तिला सहा महिन्यांनी बोलावलं होतं, तूही थांब. अपॉइंटमेंट पुढच्या शुक्रवारी आहे, म्हणजे नऊ दिवस. ज्यांनी यातून गेलंय त्यांनी प्लीज सांगा, कुठली तपासणी आणि का.

झुळूक
अगं अबोली, आधी एक मोठा श्वास घे. मला दोनदा परत बोलावलंय, ४१ व्या वर्षी आणि ४६ व्या. दोन्ही वेळा काही निघालं नाही. पण ते मधले दिवस कसे जातात ते मला विचार. फोन वाजला की पोटात गोळा. इथे लिहीत राहा, आम्ही आहोत.

तंत्रज्ञा
अबोली, मी १४ वर्षं मॅमोग्राफी टेक्निशियन आहे, रोज तुझ्यासारख्या बायका समोर उभ्या असतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.
बायरॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने १९९३ मध्ये आणलेली रिपोर्ट लिहायची पद्धत. त्यात १ म्हणजे काही नाही, २ म्हणजे काहीतरी आहे पण निरुपद्रवी, ३ म्हणजे बहुतेक निरुपद्रवी, ४ म्हणजे संशयास्पद, ५ म्हणजे संशय फार जास्त, आणि ६ म्हणजे बायोप्सीत आधीच सिद्ध झालेलं. शून्य या शिडीवरची पायरीच नाही. शून्य म्हणजे 'एवढ्या फोटोंवरून मी सांगू शकत नाही, अजून दाखवा'. तो निकाल नाही, राहिलेलं काम आहे.
अमेरिकेतले आकडे सांगायचे तर स्क्रीनिंगला (काही त्रास नसताना करतात त्या तपासणीला) येणाऱ्या शंभरातल्या साधारण दहा जणींना परत बोलावतात, आणि परत बोलावलेल्यांपैकी दहातल्या एकीपेक्षाही कमी जणींना कॅन्सर निघतो. म्हणून उगाच घाबरू नकोस, पण शुक्रवार चुकवूही नकोस, कारण ती एक कोण हे फोटो काढल्याशिवाय कळत नाही.
आता तुझ्या रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'फक्त तिरक्या व्ह्यूत'. स्तन हा काही सपाट कागद नव्हे, आत थरावर थर असतात. एका कोनातून बघताना दोन थर एकमेकांवर आले की तिथे पांढरा डाग दिसतो, खरं तर तिथे काही नसतं. दुसऱ्या कोनातून तो दिसला नाही तर ही शक्यता बरीच मोठी. स्पॉट कॉम्प्रेशनमध्ये मोठ्या प्लेटच्या जागी छोटी, तळहाताएवढी प्लेट लावतो आणि नेमकी तीच जागा दाबतो. थर एकमेकांवर आलेले असतील तर पसरतात आणि डाग विरतो. खरंच काही असेल तर ते दाबल्यावरही तसंच राहतं, उलट कडा जास्त स्पष्ट होतात. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देणारी तपासणी हीच आहे, म्हणून ती आधी.

पानगळ
सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडते. माझ्या धाकट्या बहिणीची डेन्सिटी डी होती. मॅमोग्राफी नॉर्मल आली, सगळे निर्धास्त, आणि अकरा महिन्यांनी तिला अंघोळ करताना स्वतःलाच गाठ लागली. तोवर काखेतल्या ग्रंथीपर्यंत गेलेलं. त्या आधीच्या फिल्म नंतर परत बघितल्या तर त्यात खरोखर काही दिसत नव्हतं, पांढऱ्यात पांढरं. त्यामुळे डेन्स ब्रेस्ट असेल तर मॅमोग्राफीवर माझा काडीचा विश्वास नाही. अबोली, तुझी सी आहे. नणंद बरोबर सांगतेय, सरळ एमआरआय कर.

विसूभाऊ
इथे पुरुषाने बोलावं की नाही माहीत नाही, पण बायकोबरोबर तीन वेळा गेलोय म्हणून लिहितो. अबोलीताई, जुनी मॅमोग्राफी कधी केली असेल तर ती सीडी शोधा. आत्ता, आज. हिला २०१९ मध्ये असंच परत बोलावलं होतं, उजवीकडे एक गोल डाग. मी कपाट उपसून २०१५ ची सीडी काढली, पाकिटावर हिचं नाव पुसट झालेलं. रेडिऑलॉजिस्ट बाईंनी दोन्ही स्क्रीनवर शेजारी शेजारी लावलं आणि मला बोलावून दाखवलं, तोच डाग, त्याच जागी, तेवढाच. चार वर्षांत तिळमात्र बदल नाही. दहा मिनिटांत विषय संपला, बायरॅड्स २. आधी ज्या सेंटरने परत बोलावलं त्यांनी जुनी फिल्म मागितलीच नव्हती, याचा मला अजून राग आहे.

तंत्रज्ञा
विसूभाऊ, अगदी लाख बोललात. आणि नुसता कागदी रिपोर्ट नको, फोटोच हवेत. 'मागील तपासणी नॉर्मल' या एका ओळीवरून तुलना होत नाही.

अर्धविराम
मी रेडिऑलॉजिस्ट आहे, स्तनांचंच काम करते. पानगळ, तुमच्या बहिणीबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तुमचा राग बरोबर जागी आहे. मॅमोग्राफीत साधारण आठातला एक कॅन्सर निसटतो, आणि डेन्स टिश्यूत जास्त निसटतो, हे आम्हीही रोज बघतो. नेदरलँड्समध्ये 'डेन्स' नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची डेन्सिटी सगळ्यात वरची आणि मॅमोग्राफी नॉर्मल, अशा बायकांना जादा एमआरआयसाठी बोलावलं, तर दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उपटणारे कॅन्सर हजारात ५ होते ते २.५ वर आले. तुमची बहीण नेमकी त्याच गटातली होती, तिला एमआरआयचा उपयोग होऊ शकला असता.
पण अबोलीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे मॅमोग्राफी नॉर्मल नाहीये, एका विशिष्ट जागी एक विशिष्ट शंका आहे. ती शंका सोडवायला आधी एमआरआय लावला तर दोन अडचणी. एक, एमआरआय फार संवेदनशील असतो, कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर रक्तपुरवठा असलेलं बरंच काही उजळतं, साध्या फायब्रोअडेनोमापासून (ही निरुपद्रवी घट्ट गाठ) पाळीच्या आधीच्या सुजेपर्यंत. म्हणूनच पाळी चालू असलेल्या बायकांना शक्यतो सातव्या ते चौदाव्या दिवसात बोलावतो. एका डागासाठी आत गेलेली बाई तीन नवे डाग घेऊन बाहेर येते आणि मग त्या तिघांच्या मागे धावायचं. दुसरी अडचण मोठी. मॅमोग्राफीत दिसलेलं जर संशयास्पद असेल आणि एमआरआय स्वच्छ आला, तरी आम्हाला बायोप्सी टाळता येत नाही. खास करून बारीक कॅल्शियमचे कण असतील तर. मग सोक्षमोक्ष झालाच कुठे?
एमआरआय लागतोच, पण त्याची वेळ असते. आयुष्यभराचा धोका २० टक्क्यांच्या वर असेल, बीआरसीए जीनमध्ये दोष (ज्याने स्तनांच्या कॅन्सरचा धोका वाढतो) असेल, किंवा कॅन्सर सिद्ध झालाय आणि तो किती पसरलाय ते बघायचंय, तेव्हा.

पानगळ
अर्धविराम, शांतपणे समजावल्याबद्दल आभार. फरक लक्षात आला. तरी मनातली भीती जात नाही हो.

मनमोकळी
पण मग 'सहा महिने थांबा' कुणाला सांगतात? माझ्या जाऊबाईंना पहिल्याच रिपोर्टवर सांगितलं होतं, सहा महिन्यांनी या म्हणून.

रेघोट्या
मनमोकळी, यावर मला बोलायलाच हवं, कारण माझंही असंच अर्धवट तपासणीवर सुटता सुटता वाचलं.
सहा महिने थांबा हे बायरॅड्स ३ ला सांगतात, आणि ३ हा शेरा जादा व्ह्यूज, सोनोग्राफी वगैरे सगळं झाल्यावर द्यायचा असतो. नुसत्या पहिल्या चार फोटोंवर देऊन बाईला घरी पाठवणं चूक आहे. तुमच्या जाऊबाईंनी आधी पूर्ण तपासणी झालीय का ते विचारावं.
माझं वय तेव्हा ५२. रिपोर्टमध्ये 'मायक्रोकॅल्सिफिकेशन्स', म्हणजे कॅल्शियमचे बारीक कण, बायरॅड्स ०. ओळखीतल्या एकांनी सुचवलं, मॅमोग्राफी कशाला परत, आधी सोनोग्राफी करून टाका, दुखत पण नाही. केली. सोनोग्राफी स्वच्छ. मी जवळपास विषय सोडलाच होता, घरच्यांना सांगूनही टाकलं की काही नाही. माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट हातात घेतला, मान हलवली आणि म्हणाल्या, 'अगं, हे कण सोनोग्राफीत दिसतीलच असं नाही, तू चुकीच्या खिडकीतून बघितलंस.' ते वाक्य मी विसरणार नाही.
मग मॅग्निफिकेशन व्ह्यूज झाले. यात स्तन फिल्मपासून उंच धरतात, मधे एक ठोकळ्यासारखं स्टँड असतं, म्हणजे फोटो मोठा होऊन येतो. डॉक्टरांनी मला स्क्रीनवर दाखवलं. मला वाटलं होतं गोल ठिपके असतील. तसे नव्हते. कुणीतरी टोकदार पेन्सिलीने घाईघाईत रेघा मारल्यासारखे, बारीक, तुटक, एका ठिकाणी तर फांदी फुटल्यासारखे दोन झालेले. माझं इथलं नाव तिथूनच आलंय. बायरॅड्स ४ सी, म्हणजे ४ मधला सगळ्यात जास्त संशयाचा. व्हॅक्यूम बायोप्सी (सुईतून ओढून तुकडे काढतात ती), आणि निघालं डीसीआयएस, म्हणजे दुधाच्या नळीच्या आतच असलेला, भिंत न ओलांडलेला कॅन्सर. ऑपरेशन आणि रेडिएशन झालं, केमो लागली नाही. आता सहावं वर्ष.
सोनोग्राफीवर माझा राग नाही. ती तिच्या जागी उत्तम. पण कॅल्शियमच्या प्रश्नाला तिचं उत्तर धरून चालत नाही.

झुळूक
रेघोट्या, अंगावर काटा आला वाचून. सहा वर्षांबद्दल तुला घट्ट मिठी.

तंत्रज्ञा
रेघोट्यांच्या प्रतिसादाला माझ्याकडून +१०००. फक्त एक जोडते, नाहीतर कॅल्शियम शब्द वाचून बायका घाबरतील. बहुतेक कॅल्सिफिकेशन्स निरुपद्रवीच असतात. रक्तवाहिनीच्या भिंतीतले रुळांसारखे दिसतात, जुन्या फायब्रोअडेनोमातले लाहीसारखे जाडजाड. बारीक गाठोड्यांत साचलेला कॅल्शियम तर फार मजेशीर, वरून बघितलं की धूसर ठिपका आणि बरोबर आडव्या बाजूने बघितलं की तळाशी साचून चंद्रकोर दिसते. ती चंद्रकोर दिसली की आम्ही खूश होतो, तिथेच फाईल बंद. आणि हो, तपासणीच्या दिवशी काखेत डिओडरंट, पावडर काही लावू नका. त्यातले कण फोटोत कॅल्शियमसारखे चमकतात आणि बाईला विनाकारण परत उभं राहावं लागतं.

शंकासूर
विषयाला सोडून होईल कदाचित, पण विचारतो. या सगळ्या स्क्रीनिंगमुळे जे कधीच त्रास देणार नव्हते असे कॅन्सर पण शोधून काढतात आणि उपचार करतात असं वाचलंय. मग दर वेळी परत जा, दाबून घ्या, सुया टोचून घ्या, हे सगळं करावंच का? न केलेलं बरं नाही का?

अर्धविराम
शंकासूर, प्रश्न खोटा नाही. अनावश्यक निदान होतं हे आम्ही मान्य करतो, आणि स्क्रीनिंग कोणत्या वयापासून, किती वर्षांनी, यावर देशादेशांत मतं वेगळी आहेत ती त्यामुळेच. ब्रिटनमध्ये ५० नंतर दर ३ वर्षांनी बोलावतात, अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये ४० ते ७४ वयाला दर २ वर्षांनी असं सांगितलं. मॅमोग्राफी करायची की नाही हे ठरवताना तो वाद जरूर घाला. पण ती झालीय, शंका निघालीय, आणि तिथेच सोडून द्यायचं, यात दोन्ही बाजूंचं नुकसान पदरात पडतं. काळजी तर लागलीच, उत्तर मात्र मिळालं नाही. अबोली त्या टप्प्याच्या पुढे आहे.

रेघोट्या
+१. आणि माझ्या त्या रेघा 'कधीच त्रास देणार नव्हत्या' की देणार होत्या हे मला कोणी सांगू शकलं नसतं. मी निवड केली आणि मला ती पटते.

शंकासूर
पटलं. तुमच्या अनुभवाला कमी लेखायचं नव्हतं, गैरसमज नसावा.

मनमोकळी
बायोप्सीबद्दल विचारू का? आमच्या घरात सगळे म्हणतात सुई लावली की पसरतो, म्हणून नाहीच करायची.

अर्धविराम
ही भीती घराघरात आहे आणि तिच्यामुळे उशीर होतो, म्हणून स्पष्ट लिहिते. सुईच्या बायोप्सीने आजार पसरतो आणि आयुष्य कमी होतं याला आधार नाही. उलट आधी सुईने निदान करून मग ऑपरेशन ठरवतात, म्हणजे एकाच ऑपरेशनमध्ये नीट काम होतं. आणि बायोप्सीनंतरही एक पायरी असते जी पेशंट विचारत नाहीत, फोटोत जे दिसलं आणि पॅथॉलॉजीत जे आलं ते एकमेकांशी जुळतंय का. फोटो ५ सारखा आणि बायोप्सी 'नॉर्मल टिश्यू' आली तर आम्ही आनंद मानत नाही, सुई बाजूला गेली असेल म्हणून परत करतो. तुमच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा, 'दोन्ही जुळतंय ना?'

रेघोट्या
मनमोकळी, प्रत्यक्षात कसं असतं ते सांगते. भूल दिल्याची एक चुणचूण, मग नुसता दाब. माझ्या बहिणीची सोनोग्राफीखाली केली त्यात स्टेपलरसारखा खट्ट आवाज येतो, दचकायला होतं. ते आधी एकदा हवेत वाजवून दाखवतात, दाखवत नसतील तर मागा, मग दचकणं कमी होतं. शेवटी तिथे तिळाएवढी धातूची क्लिप सोडतात, पुढे कळावं की इथलाच तुकडा घेतला होता.

विसूभाऊ
अवांतर: हे इतकं दाबतात का पण? आमची ही प्रत्येक वेळी बाहेर येऊन विचारते की हे मशीन बनवणाऱ्याला आई-बहीण नव्हती का. :)

झुळूक
हाहा वहिनींना माझा नमस्कार सांगा, प्रश्न रास्त आहे!

पानाफुलांत
विसूभाऊ, यामागे खरंच इतिहास आहे. स्तनाचे एक्स-रे पहिल्यांदा अभ्यासले ते बर्लिनमधल्या अल्बर्ट सॅलोमन या सर्जनने, १९१३ मध्ये, तेही ऑपरेशन करून काढलेल्या स्तनांचे, तीन हजारांच्या आसपास. त्यात त्याला कॅल्शियमचे कण दिसले होते. पण जिवंत बाईचा फोटो धूसर यायचा. मग १९४० च्या दशकाच्या शेवटी उरुग्वेमधल्या राउल लेबोर्न यांनी दाबून फोटो काढायची पद्धत बसवली आणि कॅल्शियमचं महत्त्वही ठासून सांगितलं. पुढे १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये शार्ल ग्रो यांनी खास स्तनासाठीचं मशीन तयार केलं. दाबल्याने थर पसरतात, हलत नाही, आणि जाडी कमी झाल्यामुळे किरणंही कमी लागतात. म्हणजे ते दाबणं बाईच्याच बाजूचं आहे.

मनमोकळी
किरणांचा विषय निघालाय तर, परत परत फोटो काढल्याने धोका नाही ना?

तंत्रज्ञा
दोन्ही बाजूंची नेहमीची मॅमोग्राफी म्हणजे साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट, निसर्गातून आपल्याला सुमारे सात आठवड्यांत मिळतो तेवढा डोस. जादा व्ह्यूजने थोडी भर पडते, शंका तशीच ठेवण्यापेक्षा ती कितीतरी परवडली. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतातच. गरोदर असाल किंवा शंका असेल तर मात्र आधी सांगा, तेव्हा सोनोग्राफीने सुरुवात करतात. तिशीच्या आतल्या मुलीला गाठ लागली तरीही सहसा सोनोग्राफीच आधी.
आणि दुखण्याबद्दल, पाळीच्या आधीचा आठवडा टाळा. मला 'थांब' म्हणा, मी थांबते. चांगली टेक्निशियन थांबतेच.

अबोली
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. दोनदा वाचलं. 'चुकीची खिडकी' डोक्यात बसलंय. ४३ व्या वर्षी एकदा केली होती, पण ते सेंटर बंद झालंय, सीडी मी ठेवली नव्हती. रिपोर्टचा कागद तेवढा आहे, त्यात डेन्सिटीसुद्धा लिहिलेली नाही. शुक्रवारनंतर येते.

झुळूक
अबोली, आज शुक्रवार. आठवण आहे हो.

अबोली
आले. जरा शांत झाल्यावर लिहितेय.
सकाळी दहाला बोलावलं होतं. डिओ नाही, पावडर नाही (तंत्रज्ञा ताई!). आतल्या बाई चांगल्या होत्या, आधीचा फोटो समोर लावून छातीवर बोटाने मोजून, दोन बोटं वर, एक बोट बाहेर, अशी जागा ठरवली आणि पेनाने खूण केली. मग ती छोटी प्लेट. खरंच तळहाताएवढी. जास्त दुखलं, पण थोडाच वेळ. एक तिरका, एक पूर्ण आडवा, आणि नंतर टोमोसिंथेसिस, त्यात मशीनचं डोकं कमानीसारखं फिरतं आणि एकाच दाबात बरेच फोटो घेतं. मी मोजायला गेले पण मधेच विसरले.
बाहेर बसवलं. वीस मिनिटं. समोरच्या बाईंनी गाऊनची नाडी तीन वेळा सोडून बांधली, मीही तेच करत होते हे नंतर लक्षात आलं. मग बोलावून म्हणाल्या, बराचसा डाग पसरला पण मधे एक छोटं राहिलंय, सोनोग्राफी करूया. तेव्हा पाय गार पडले माझे.
सोनोग्राफी डॉक्टरांनी स्वतः केली. ७ मिमी, अंडाकृती, आडवं, कडा गुळगुळीत. पाण्याची गाठ नाही, घट्ट आहे. फायब्रोअडेनोमा वाटतोय म्हणाल्या. काखही बघितली, ठीक. बायरॅड्स ३. सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी, मग १२ आणि २४ महिन्यांना. बायोप्सी हवी असेल तर आत्ताही करू, पण त्यांच्या मते गरज नाही.
आता मला धड आनंदही होत नाहीये आणि रडूही येत नाहीये. सहा महिने थांबायचं की सुई लावून मोकळं व्हायचं?

अर्धविराम
अबोली, तुझं काम नीट झालंय, पायऱ्या बरोबर क्रमाने. ३ मध्ये कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांच्या आत असते. आडवं असणं, म्हणजे कातडीला समांतर, आणि गुळगुळीत कडा, ही दोन्ही चांगली लक्षणं. उभं, वेडंवाकडं, काटेरी असतं तर तुला त्यांनी विचारलं नसतं, सरळ सुई लावली असती. थांबण्याचा अर्थ दुर्लक्ष नव्हे, ही वस्तू वाढते का ते बघणं हीच तपासणी आहे. सहा महिन्यांत आकार वाढला किंवा कडा बदलल्या तर तेव्हा बायोप्सी.
आत्ता बायोप्सी कुणी करावी? जिला पुढच्या तारखेला येणं जमेल याची खात्री नाही. जिच्या घरात खूप आजार आहे. जी गरोदरपणाचा विचार करतेय. आणि जिला सहा महिने झोपच लागणार नाही, तीही. शेवटचं कारण क्षुल्लक नाही, मी ते मनापासून मान्य करते. तू कुठे बसतेस ते तूच ठरव.

पानगळ
अबोली, मी आधी एमआरआय म्हणून हट्ट धरला होता. आता माझ्या बहिणीची आठवण ठेवून एवढंच सांगते, सहा महिने म्हणजे सहा महिने डोळे मिटून नव्हे. मधे काही हाताला लागलं, कातडी आत ओढली गेली, निपलमधून रक्तासारखं काही आलं, तर तारखेची वाट बघायची नाही. रिपोर्ट कितीही चांगला असला तरी. माझी बहीण गाठ लागल्यावर पण तीन आठवडे थांबली, का तर आधीचा रिपोर्ट नॉर्मल होता म्हणून.

विसूभाऊ
अबोलीताई, घरातल्या कुणाच्या तरी फोनमध्येसुद्धा तारीख टाकून ठेवा. आपली आपल्याला सहा महिन्यांनी आठवत नाही, सगळं ठीक वाटायला लागतं आणि राहून जातं.

अबोली
काल रात्री नवऱ्याशी बोलले. थांबायचं ठरवलंय. नणंदेला पण सगळं समजावलं, तिने आधी वाद घातला आणि मग म्हणाली सहा महिन्यांनी मी येते तुझ्याबरोबर. पुढची तारीख काउंटरवरच घेऊन आले, नवऱ्याच्या फोनमध्येही टाकली. पानगळ, तुझं लक्षात ठेवेन, कायम.

तंत्रज्ञा
शाब्बास. फक्त एक, या वेळची सीडी घेतलीस का? स्पॉट व्ह्यूज आणि सोनोग्राफीचे फोटो, दोन्हीची?

अबोली
घेतली ताई. दोन कॉपी. एक माझ्या कपाटात, एक नणंदेकडे. पाकिटावर तारीख आणि 'डावी बाजू, ७ मिमी' असं मार्करने मोठं लिहिलंय.